आईच्या क्लासातली खटखट

दिवाळीला मी पुण्याहून हिंगणघाटला आले ती दोन आठवड्यांची सुट्टी काढून, आणि होळी जवळ आली तरी तिथेच होते. मधल्या काळात आईच्या टायपिंग क्लासमधले पाचही कॉम्प्युटर मी इतक्या वेळा पुसून नव्याने भरले, की आई शेजारणीला सांगायची, "पोरगी मशीन दुरुस्त करून राह्यली का धुणं धुऊन राह्यली, काई समजत नाई. रोज काढते, रोज पिळते."

तिचं खोटं नव्हतं. मला एका जागी बसवत नाही. मी जेवते उभ्याने, फोनवर बोलते ते अंगणात फेऱ्या मारत, आणि एखादी गोष्ट नीट चालली असेल तर ती का चालली आहे हे बघायला उघडून बसते. बाबा होते तेव्हा म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे. पायाला असती तर बरं झालं असतं, चालून चालून थकले तरी असते. माझी भिंगरी डोक्यात आहे.

पुण्यातली नोकरी लोकांचे बिघडलेले सर्व्हर दुरून दुरुस्त करायची, त्यामुळे ती हिंगणघाटच्या मागच्या खोलीतूनही करता येत होती. ऑफिस मधूनमधून विचारायचं, कधी येताय. मी म्हणायची, बघते. खरं कारण त्यांना सांगितलं नव्हतं. मी थांबले होते ती आईच्या डोळ्यांसाठी.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, एवढंच त्यांच्या हातात होतं. आईला समोरचं ढोबळ दिसायचं, उजळ पडद्यावरची बारीक अक्षरं लागायची नाहीत, आणि कडेकडेचं मिटत चाललं होतं. दारातून आलेला माणूस पार पुढ्यात येईपर्यंत तिला कळायचा नाही. तरी ती भाजी चिरायची, स्वतःच्या डोळ्यांत थेंब स्वतः घालायची, बाजारात एकटी जायची. यातल्या कशाचीच तक्रार नव्हती. तिला भीती होती ती एकाच गोष्टीची, की क्लास बंद करावा लागेल. ती एकदा डाळ निवडताना मला म्हणाली, "होळीपरेंत पाहू. नाई जमलं तं बोर्ड उतरवून टाकू." असं म्हणून तिने बोटांना लागलेला ताटातला खडा उचलून बाजूला ठेवला आणि दुसऱ्याच विषयावर बोलायला लागली.

त्या क्लासने घर चालवलं होतं. बाबा गेल्यावर तर एकट्याने. पण ती घाबरत होती ते त्यासाठी नव्हे. मी कमावते होते, तिला उपाशी राहायची वेळ येणार नव्हती. सकाळी साडी नेसून पुढच्या खोलीत जायचं, पाठमोऱ्या पोरींच्या मागून फिरायचं, हे गेलं तर उरलेला दिवस कुठे ठेवायचा, हे तिला कळत नव्हतं. मला ते तेव्हा फार नीट समजलं, कारण रिकाम्या दिवसाची मलाही भीती वाटते.

तिची शिकवण्याची पद्धत आधी सांगायला हवी. टाइपरायटरच्या काळात भिंतीला लागून मशिनांची रांग होती. मुलं भिंतीकडे तोंड करून बसायची आणि प्रत्येकाच्या हातांवर एक नॅपकिन टाकलेला असायचा, म्हणजे अक्षरं बघून टाइप करायची सोयच नाही. आई मागून चकरा मारायची. कागदाकडे ती बघायचीच नाही. ती ऐकायची. पहिल्या बोटाचा ठोका जोरात पडतो, करंगळीचा हलका. एखाद्याच्या पाठीशी थांबून ती नुसतं म्हणायची, "डावी करंगळी," आणि तो पोरगा दचकून करंगळी सरळ करायचा. ओळ संपत आली की घंटी, मग खर्रकन कागदाचा गाडा मागे, मग पुन्हा खटखट. मी त्या आवाजात पाढे पाठ केले, ताप आला तेव्हा त्या आवाजात झोपले. पुण्याच्या फ्लॅटमधली शांतता मला अजून सोसत नाही.

मग परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या. टाइपरायटर भंगारात निघाले, एक तेवढा आईने पलंगाखाली ठेवून घेतला. गावातलं एक नेट कॅफे बंद होत होतं, तिथून तिने हे पाच कॉम्प्युटर आणले. आणले तेव्हाच ते जुने होते. परीक्षेची नोंदणी मुली दुसरीकडे करायच्या, पण बोटं वळवायला आईकडे यायच्या, कारण बोटं वळवावीत तर तिनेच. डोळे चांगले होते तोवर ती पडद्यावर चुका बघायची. आता पडदा तिला नुसता उजेडाचा तुकडा दिसायचा, आणि कीबोर्डांचा आवाज म्हणजे पावसात चपला घालून चालावं तशी चपचप, तीही सगळ्यांची सारखीच. एका दुपारी ती पदर हातात धरून मुलींच्या मागे उभी होती आणि काहीच करत नव्हती. मी दारातून बघत होते. माझी चाहूल लागल्यावर म्हणाली, "पाच पोरी बसल्या हायेत का पाच बाहुल्या, मले काई समजत नाई."

त्या दिवसापासून मी हात धुऊन त्या मशिनांच्या मागे लागले.

जुनं विंडोज इतकं संथ होतं, की मुली बटण दाबून डबा खाऊन यायच्या. एका मशीनची मेमरी तर आजच्या साध्या मोबाइलपुढेही लाजेल एवढी. सगळे म्हणाले, नवीन घ्या. आई म्हणाली, "चालते तं फेकाचं कायले." माझंही मत तेच होतं, पण माझ्या मताला थोडी हौसही चिकटलेली होती. लिनक्स ही विंडोजच्या जागी बसणारी फुकट मिळणारी यंत्रणा, आणि तिचे अनेक वाण आहेत. काही नव्या दणकट मशिनांसाठी, काही अगदी थकलेल्या मशिनांसाठी, ज्यात सजावट काही नाही, साधा पडदा आणि लिहायला जागा. माझ्यासारख्या चळ लागलेल्या बाईला हे हलके लिनक्स म्हणजे साड्यांचं दुकान. एकात जोडाक्षरं फुटायची. दुसऱ्यात अक्षरं छान, पण आवाजच नाही. तिसरं सुरेख होतं, पण ते बनवणाऱ्यांनी जुन्या प्रोसेसरांना रामराम केलेला. पेन ड्राइव्हवर एक भरायचं, चालवून बघायचं, नाक मुरडून दुसरं आणायचं. आईच्या विद्यार्थिनी दर सोमवारी विचारायच्या, ताई, आज बटण कुठं हाये?

शेवटी एक वाण टिकला. तो चालू व्हायला मी पाणी पिऊन येईपर्यंतचा वेळ घ्यायचा आणि चालू झाल्यावर निम्मी मेमरी मोकळी ठेवायचा. त्यात जुन्या मराठी टाइपरायटरचीच अक्षरांची मांडणी बसवली, म्हणजे आईची शिकवणी तशीच राहिली. आणि मग मला तो चिमुकला प्रोग्राम सापडला, जो की दाबली की खट वाजवतो. कोणीतरी जुन्या मशिनांच्या आठवणीने व्याकूळ होऊन लिहिलेला असावा. पाचही मशिनांना छोटे स्पीकर लावले आणि आईला खोलीच्या मधोमध उभी केली.

मुलींनी सुरुवात केली आणि खोली भरून गेली. आई पडद्यांकडे पाठ करून उभी राहिली. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "छान हाये. पण हे सगळे बोटं एकाच आईचे वाटते. करंगळी कोन्ती, मधलं बोट कोन्तं?"

बरोबर होतं. सगळ्या अक्षरांना एकच खट होती. मग आम्ही पलंगाखालचा टाइपरायटर ओढून काढला. जिनिंगची यंत्रं बंद असतील अशी वेळ गाठायची होती, कारण आमचं घर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत, आणि हंगामात दिवसभर तिथली घरघर आणि ट्रॅक्टरांची रांग. जेवणाच्या सुट्टीत गल्ली गप्प झाली, तसा मी फोन टाइपरायटरजवळ धरला आणि आईने एकेका बोटाने ठोके दिले. तिची करंगळी अजून तशीच होती, हलकी आणि नेमकी. एक ठोका तिला पसंत पडला नाही, तो तिने पुन्हा दिला आणि मला पुन्हा घ्यायला लावला. "हे शिकणाऱ्याचं वाजलं," म्हणाली, "मास्तराचं पाह्यजे." ज्या अक्षराचं जे बोट, त्याचा ठोका त्या अक्षराला लावला, आणि ओळीच्या शेवटाला खरी घंटी घेतली. खोडायच्या बटणाशी आम्ही अडलो, कारण टाइपरायटरवर खोडणं नसतंच. मी म्हटलं, ते बिनआवाजाचं राहू दे. आई म्हणाली, "काऊन? चूक झाली थे तं मले सगळ्यात पयले ऐकू आलं पाह्यजे." म्हणून खोडण्याला गाडा सरकण्याचं खर्र दिलं.

काही दिवस फार आनंदाचे गेले. आई पुन्हा पाठीमागून फिरायला लागली. डावी करंगळी, उजवं मधलं बोट, किती खोडतं वं, जरा थांबून विचार कर. मुलींना गंमत वाटायची, मॅडमला पाठीत डोळे आहेत म्हणायच्या. आई स्वयंपाकघरात गुणगुणताना मी ऐकलं. आता मी जायला हरकत नाही असं मला वाटलं, आणि नेमकं तेव्हाच ते बिघडलं.

दुपारच्या दुसऱ्या बॅचला गिरडच्या बाजूने एसटीने येणारी एक मुलगी होती. तिची शेवटची एक-दोन वर्षं उरली होती सरकारी भरतीच्या वयाची, त्यामुळे ती बोटं अशी चालवायची की जणू बस सुटतेय. आईची ती लाडकी. एक दिवस आई तिच्या मागे थांबून म्हणाली, "तुह्ये बोटं ओढून राह्यले आज. मन कुठी हाये?"

"नाई मॅडम. बरोबर करून राह्यली मी."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आईचा आवाज चढला. आळस आला म्हणाली, डोक्यात दुसरं काही भरलं म्हणाली. मुलगी रडवेली झाली. नॅपकिनखालून हात काढून म्हणाली, "पडद्यावर पाहा ना मॅडम. एकबी चूक नाई."

आईला पडद्यावरचं दिसत नव्हतं, हे त्या मुलीला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मी जाऊन बघितलं. एकही चूक नव्हती आणि वेग रोजचाच होता. मी तसं सांगितलं. आई भिंतीशी खुर्ची चाचपून तिच्यावर बसली आणि बॅच संपेपर्यंत उठली नाही.

मुली गेल्यावर ती म्हणाली, "डोळे गेले थे समजलं. आता माहे कान बी गेले का वं?"

मी म्हटलं, कान ठीक आहेत, मशीन उशिरा आवाज देतंय. बोट आत्ता पडतं आणि खट मागून येते. तिला पटलं नाही. तिचा प्रश्न असा होता, की पहिल्या बॅचला सगळं जागच्या जागी वाजतं आणि दुसऱ्या बॅचलाच का ओढतं? मशिनं तीच, आवाज तोच. बदलते ती फक्त ऐकणारी, जी दुपारपर्यंत थकते. "नवीन पोरी घेऊ नको आता," ती म्हणाली. "हायेत थ्या होऊन जाऊ दे." मला राग आला, तिचा नाही, त्या पाच डबड्यांचा. तिचे डोळे मला दुरुस्त करता येत नव्हते. निदान हे तरी यायला हवं होतं.

मग मी जो धुडगूस घातला त्याला तोड नाही. आवाज कार्डापर्यंत पोचायच्या आधी मधे जेवढी म्हणून ठाणी असतात तेवढी उडवली. आवाजाचा साठा लहान केला, म्हणजे तो लवकर सुटेल. तो लवकर सुटला, पण फाटका. पडद्यावरचं घड्याळ काढलं, भिंतीचं चित्र काढलं, शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं एवढंच ठेवलं. टिकलेला वाण काढून आणखी हलका आणला, तो काढून त्याहून हलका. दर सकाळी पहिल्या बॅचला सगळं चोख वाजायचं आणि मी मनातल्या मनात उड्या मारायची. दर दुपारी आईचा चेहरा बघून कळायचं, की पुन्हा ओढायला लागलं. मुलीसुद्धा सांगायला लागल्या, खट मागून येते म्हणून बोटं अडखळतात. त्यातच ऑफिसचा फोन आला, एप्रिलपासून प्रत्यक्ष यावं लागेल, येणार नसाल तर तसं लिहून कळवा. मी फोन उपडा ठेवला आणि पुन्हा कीबोर्डकडे वळले.

एका दुपारी दोन बॅचच्या मधल्या वेळात मी स्क्रूड्रायव्हर शोधत क्लासच्या खोलीत गेले. खिडक्या लावलेल्या होत्या. पाच टेबलांवर पाच मरून रेक्झिनची कव्हरं, पडद्यापासून डब्यापर्यंत सगळं पोटात घेतलेली, आणि त्यांच्या आतून पंख्यांचा दमलेला आवाज येत होता. मी एका कव्हरखाली हात घातला आणि तव्याला लागावा तसा मागे घेतला.

विद्यार्थी उठला की मशीन झाकायचं, हा टायपिंग क्लासचा पहिला नियम. टाइपरायटरच्या काळात कव्हर न घालता उठलेल्याला आई परत बोलवायची, अगदी रस्त्यावरून. कॉम्प्युटर आल्यावर तिने स्वतःच्या शिलाई मशीनवर मोठी कव्हरं शिवली आणि नियम तसाच ठेवला. आणि मी आल्यापासून तिला बजावून ठेवलं होतं, की मधे मशीन बंद करू नको, कुठे काही मोडेल, संध्याकाळी मी करीन. तिने दोन्ही पाळलं. चालू मशीन, वरून रेक्झिन, जेवणाच्या वेळेभर, मार्चच्या उन्हात. तापलेला प्रोसेसर स्वतःला जपायला आपली चाल मंद करतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. माझं पोटच त्यावर चालतं. आणि मी आठवडेच्या आठवडे कव्हरावर हात न ठेवता आतलं सामान उपसत बसले होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "आई, तू मशीन उकडून काढतेस."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पोळीचं पीठ पदराला पुसून बोटाने खिडकीच्या चौकटीवरून एक रेघ ओढली आणि बोट माझ्या समोर धरलं. बोटावर पांढरी लव होती. जिनिंगची रुई. हंगामात आमच्याकडे ती तुळशीवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, चहाच्या कपात पडते. "झाकू नको तं का करू?" ती म्हणाली. "हे खाऊ घालू तुह्या मशिनले?"

मी चिडून एक डबा उघडला. आतल्या पंख्याच्या पात्यांवर रुईची गादी बसली होती, उचलली तर अखंड निघाली. मी ती आईच्या हातात ठेवली. तिने चोळून बघितली आणि म्हणाली, "हे कव्हर असून. नसतं तं?" आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून हसलो, ती आधी आणि मी नंतर.

कव्हरांची दुरुस्ती तिने एकटीने केली. रेक्झिनची मागची बाजू कापून काढली आणि तिथे जुन्या मच्छरदाणीचं कापड लावलं, हवा जाईल आणि रुई अडेल असं. रोज सकाळी ते झटकायचं. सुईत दोरा मी ओवून दिला, बाकी शिवण तिची, नजर समोरच्या भिंतीवर आणि बोटं धावत्या सुईच्या इतकी जवळ की मला बघवेना. मी उठले, अंगणात जाऊन आले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. ती म्हणाली, "तू तं बस एका जागी. सुई माही हाये, जीव तुहा जाऊन राह्यला." पंखे मी साफ केले. सगळ्यात हलका म्हणून आणलेला, धड घड्याळही न दाखवणारा वाण काढून टाकला आणि पहिला चांगला होता तोच परत बसवला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅचला आई खोलीच्या मधोमध उभी राहिली. गिरडकडची मुलगी आली होती, पण ओठ घट्ट मिटून. नॅपकिन टाकले, सुरुवात झाली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि बोटं चावत होते. आई बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग त्या मुलीच्या मागे गेली.

"उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट," ती म्हणाली. "धाकून, उशिरा पडून राह्यलं. काऊन वं?"

मुलीने नॅपकिनखालून हात काढला. त्या बोटाला चिंधी बांधलेली होती. "विळी लागली मॅडम, सकाळी."

"मंग आज त्या बोटाचे अक्षरं सोड," आई म्हणाली. मग तिने त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. "त्या दिवशी मी बोलली थे मनात ठेवू नको. मशीन थकलं होतं." मुलगी नाही म्हणाली आणि पुन्हा टाइप करायला लागली. त्या संध्याकाळच्या चहात आईने साखर दोनदा घातली होती, आणि आम्ही दोघींनी तो तसाच प्यायला. चहा पिता पिता ती म्हणाली, पाडव्यापासून नवीन बॅच घेऊ, बोर्डावर तसं लिहून टाक.

आता एकच काम उरलं होतं, आणि ते मी लांबवत होते. मशिनं अशी करायची, की मी नसले तरी चालतील. मी पूर्ण यंत्रणा एका बंद फाइलमध्ये बांधली. दर सकाळी तीच कोरी प्रत मेमरीत चढते. दिवसभर कोणी काहीही बिघडवलं, कसंही बटण दाबून बंद केलं, तरी दुसऱ्या दिवशी ती जशीच्या तशी उभी राहते. ती काही विचारत नाही, नवं काही मागत नाही. दोन बॅचच्या मधेही आता आई बेधडक बटण दाबून ती बंद करू शकत होती. मी बनवलेल्या गोष्टींत ही पहिली, जिच्यात मलाच हात घालायला वाव नव्हता. ती तयार झाली तेव्हा अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो धसका. आता थांबायला निमित्त राहिलं नव्हतं, आणि जावंसं वाटत होतं याचीच मला लाज वाटत होती.

त्या संध्याकाळी मुली गेल्यावर मी कोपऱ्यातल्या मशीनवर ऑफिसला लिहायच्या इंग्रजी मजकुराचा कच्चा खर्डा करायला बसले. लॅपटॉपवर काही सुचत नव्हतं. एप्रिलपासून येते, असं लिहिलं आणि खोडलं. घरच्या अडचणीमुळे येता येणार नाही, असं लिहिलं आणि तेही खोडलं. पुन्हा पहिलं. पुन्हा दुसरं. आतल्या खोलीत आई मेथी निवडत होती. माझ्या लक्षातच आलं नाही, की स्पीकर चालू आहे.

"ऑफिसचं हाये का?" ती आतूनच म्हणाली.

"हो."

"कवाची एकच ओळ चालू हाये तुही. लिवते अन् खोडते. एवढी खर्रखर्र तं नवीन पोरी बी करत नाईत."

ती हात पुसत बाहेर आली. कोपऱ्यातली दांडी चाचपून तिने एक नॅपकिन घेतला आणि माझ्या हातांवर टाकला. मग माझ्या मागे येऊन उभी राहिली, जशी सगळ्यांच्या मागे उभी राहते. लहानपणी तिने मला शिकवायला बसवलं होतं तेव्हा मी पळून गेले होते, त्यामुळे तिच्या पुढ्यात मी पहिल्यांदाच अशी बसले होते.

"बोटाकडे पाहू नको," ती म्हणाली. "लिव आता."

मी लिहिलं. पहिला शब्द, दुसरा, मग बाकीचे आपोआप. एकदाही खोडलं नाही. ओळीच्या शेवटाला घंटी वाजली, तिच्याच टाइपरायटरची. माझ्या खुर्चीच्या पाठीवर तिचा हात होता, तो हलला नाही.

"कोन्त्या गाडीनं जाशीन?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मी काय लिहिलं ते तुला कसं कळलं?"

"राहाचं लिवलं असतं तं तू अर्ध्यात थांबली असती."

मला वाटलं होतं ती थांब म्हणेल. निदान एकदा. तिने म्हटलं नाही याचा मला राग आला, आणि तो राग आहे की रडू हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. मी नॅपकिनची घडी केली, ती नीट होईना म्हणून पुन्हा केली. आईने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि दांडीवर टाकली. मग कव्हर आणलं, जाळीची बाजू कुठली ते बोटांनी बघितलं, ती मागे घेतली आणि माझ्या मशीनवर घातलं. मशीन अजून चालूच होतं.